व्हेनिसमधील पहिले तीन दिवस

परदेशांतील एखादें प्रसिद्ध शहर पाहून आलेला मनुष्य बहुधा दोनच प्रकारांनीं बोलतो. एक तर पाहिलेल्या स्थळांची यादी तो म्हणून दाखवितो, किंवा तेथील महागाईच्या तक्रारी सांगतो. मला आज आपल्यापुढें यांपैकीं कांहींच करावयाचें नाहीं. इटलींतील व्हेनिस शहरीं आम्हीं उभयतांनीं जे पहिले तीन दिवस घालविले, त्यांत एक साधा प्रश्न आमच्यापुढें उभा राहिला, आणि त्याचें उत्तर शोधतां शोधतां तें शहर आम्हांला थोडेंबहुत समजलें. चिखलावर बांधलेलें हें शहर हजारांहून अधिक वर्षें उभें आहे, तें कशाच्या आधारावर, हा तो प्रश्न.

नोव्हेंबर महिन्यांतील एका दुपारीं आमची आगगाडी जमीन सोडून समुद्रांत शिरली, असें क्षणभर वाटलें. व्हेनिस व मुख्य भूमि यांच्यामध्यें उथळ खारें पाणी पसरलेलें आहे. कोंकणांतील खाजणाची ज्यांना माहिती आहे, त्यांना त्याची कल्पना सहज करतां येईल. त्यावरून साडेतीन किलोमीटरांहून लांब असा आगगाडीचा पूल १८४६ मध्यें बांधला गेला. त्यापूर्वीं या शहराला होडीवांचून वाटच नव्हती. मोटारींचा रस्ता तर १९३३ सालीं झाला, आणि तोही शहराच्या उंबरठ्याशींच थांबतो.

स्टेशनाबाहेर आलों तों समोर रस्ता नसून पाणीच. मोटार नाहीं, सायकल नाहीं, हातगाडीखेरीज चाक म्हणून दिसत नाहीं. सुमारें एकशें अठरा लहान लहान बेटें आणि त्यांना जोडणारे चारशेंच्या आसपास पूल, एवढा या शहराचा पसारा आहे. भाजी, विटा, टपाल, केरकचरा सारें होड्यांतून जातें. रुग्णवाहिका व आगीचा बंबही होडीच, आणि शेवटचा प्रवासही होडींतूनच. मोठ्या कालव्यांतून जाणाऱ्या बोटी आपल्याकडील बसप्रमाणें थांब्याथांब्यावर थांबतात. अशाच एका बोटींतून आम्ही मुक्कामाच्या वस्तींत उतरलों, आणि घर शोधण्यांत पाऊण तास घालविला. कारण येथें घरांचे क्रमांक गल्लीवार नसून सबंध पेठेचे मिळून असतात. शहराच्या पेठा सहा, आणि एकेका पेठेंत क्रमांक हजारोंच्या घरांत जातात. हातांतील फोननें दाखविलेली वाट दोनदां थेट पाण्यांत संपली!

आम्हीं आठवड्याकरितां भाड्यानें घेतलेलें घर तिसऱ्या मजल्यावर होतें. खोल्या दोनच, परंतु स्वच्छ. सामान ठेवतांना पत्नीचें लक्ष स्वयंपाकघराच्या दाराकडे गेलें. चौकटीवर पेन्सिलीच्या आडव्या रेघा होत्या, आणि प्रत्येक रेघेजवळ एक साल लिहिलेलें होतें. ती म्हणाली, "अहो, हें पाहिलेंत? मुलांची उंची मोजलेली दिसते. मग तीं मुलें कोठें आहेत?" मीं त्या वेळीं फारसें लक्ष दिलें नाहीं. मला दुसऱ्या दिवसाचें वेळापत्रक पुरें करावयाचें होतें.

तें वेळापत्रक मोठ्या काळजीनें केलेलें होतें. सकाळीं संत मार्क यांचें मंदिर, नंतर डोजचा प्रासाद, मग घंटेचा मनोरा, दुपारीं रियाल्टोचा पूल, असें तासातासाचें. ठरल्याप्रमाणें आम्हीं सारें पाहिलें. संत मार्क यांच्या अस्थि ८२८ मध्यें अलेक्झांड्रियाहून येथें आणल्या, अशी परंपरा आहे. आज दिसणाऱ्या मंदिराचें काम १०६३ च्या सुमारास सुरू झालें. त्याच्या दर्शनी भागावर तांब्याचे चार घोडे उभे आहेत. मूळ घोडे १२०४ मध्यें कॉन्स्टंटिनोपलच्या लुटींतून आले. नेपोलियननें या प्रजासत्ताकाचा १७९७ मध्यें शेवट केला, तेव्हां ते पॅरिसला नेले, व १८१५ मध्यें ते परत आले. आतां मूळ घोडे आंत जपून ठेवलेले असून बाहेर त्यांच्या प्रतिकृति आहेत. समोरचा मनोरा अठ्ठ्याण्णव मीटरांहून उंच आहे. तोही मूळचा नव्हे. जुना मनोरा १४ जुलै १९०२ रोजीं सकाळीं कोसळला. सुदैवानें मनुष्यहानि झाली नाहीं. जसा होता तसा आणि होता तेथेंच तो पुन्हां बांधावयाचा, असा निश्चय नगरसभेनें केला, व १९१२ मध्यें तो पुरा झाला.

हें सर्व ज्ञान मीं पत्नीला मोठ्या उत्साहानें सांगत होतों. परंतु गर्दी इतकी होती, कीं उभें राहून पाहणें म्हणजे मागच्याचा धक्का खाणें असें झालें. दुपारीं चारच्या सुमारास तिनें माझी यादी हातांतून काढून घेतली, घडी करून पिशवींत टाकली, आणि एका लहानशा चौकांतील बांकावर ती बसली. "आतां मला कांहीं दाखवूं नका," ती म्हणाली, "मलाच कांहीं दिसतें का, तें पाहूं द्या."

मला राग आला हें मीं कबूल केलें पाहिजे; पण पाय माझेही दुखत होते. त्या चौकाच्या मध्यभागीं कोरीव दगडाचा एक कठडा होता व त्यावर लोखंडी झांकण. मुलें त्याच्या भोंवतीं चेंडू खेळत होतीं. थोड्या वेळानें पत्नी म्हणाली, "ही विहीर दिसते. पण चहूंकडे खारें पाणी असतां येथें गोडें पाणी लागणार कसें?"

माझ्या यादींत या प्रश्नाचें उत्तर नव्हतें. तें पुढें मिळालें, आणि तें ऐकून मला त्या शहराविषयीं प्रथमच खरा आदर वाटला. ती विहीर नव्हेच. चौकाखालीं मोठा खड्डा खणून त्याला सर्व बाजूंनीं चिकण मातीचा जाड लेप देत, म्हणजे खारें पाणी आंत शिरत नसे. मध्यें विटांची विहीर बांधून भोंवतालच्या जागेंत वाळू भरीत. चौकाच्या फरशीला किंचित् उतार दिलेला असे. पावसाचें पाणी त्या उतारावरून दगडी छिद्रांतून खालीं जाई, वाळूंतून गाळलें जाऊन मधल्या विहिरींत झिरपे, आणि तेथून लोक तें शेंदीत. म्हणजे सबंध चौक हा एक गाळणीचा हौदच! मुख्य भूमीवरून नळाचें पाणी येथें १८८४ मध्यें आलें, तोंपर्यंत शेंकडों वर्षें शहराची तहान अशा हौदांनीं भागविली. अर्थात् ज्या चौकाचें पाणी प्यावयाचें, तो चौक स्वच्छ ठेवणें हें त्यावर राहणाऱ्या प्रत्येकाचें काम होतें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही यादीवांचून निघालों. मार्कच्या चौकांत पोंचलों, तों कालची फरशी ठिकठिकाणीं चमकत होती. पाऊस तर नव्हता. जवळ जाऊन पाहतों तों फरशींतील पाणी वाहून जाण्याच्या छिद्रांतूनच पाणी बुडबुडत वर येत होतें. समुद्राला भरती आली कीं ज्या वाटेनें चौकांतील पाणी बाहेर जातें, त्याच वाटेनें समुद्र आंत येतो. अर्ध्या तासांत घोट्याइतकें पाणी झालें. नगरपालिकेच्या माणसांनीं लांकडी फळ्यांचे उंच मार्ग मांडले, दुकानदारांनीं दारांत अडसराच्या फळ्या बसविल्या, आणि कोणीही आरडाओरड न करतां सारे आपापल्या कामाला लागले. दोनअडीच तासांनीं पाणी आल्या वाटेनें परत गेलें. मग लोकांनीं गोड्या पाण्यानें आपापले उंबरठे धुतले, कारण मीठ राहिलें तर दगडविटा खातें.

तें पाहिल्यावर आमचा मूळ प्रश्न अधिकच बळावला. मग हें शहर बुडत कसें नाहीं? याचें उत्तर पायांखालीं आहे. बांधकाम करावयाच्या जागीं ओक, लार्च इत्यादि झाडांचे हजारों खुंट चिखलांत एकमेकांना लागून ठोकीत, व त्यांवर जाड फळ्या घालीत. फळ्यांवर इस्त्रिया प्रांतांतील घट्ट पांढरा दगड, जो पाणी फारसें शोषून घेत नाहीं. आणि त्यावर विटांच्या भिंती. लांकूड पाण्यांत कुजतें अशी आपली समजूत आहे. वस्तुतः तें झपाट्यानें कुजावयास हवाही लागते. सदैव ओल्या राहणाऱ्या दाट चिखलांत हवा जवळजवळ नसते. तेथें लांकूड पोंखरणारे जे थोडे जंतु जगतात, त्यांचें काम अतिशय मंद असतें. त्यामुळें शेंकडों वर्षांपूर्वींचे खुंट अजूनही भार सोसत आहेत. १५९१ मध्यें पुऱ्या झालेल्या रियाल्टोच्या दगडी पुलाखालीं असे सुमारें बारा हजार खुंट असल्याचें सांगतात.

मग धोका कोठें आहे? तो खुंटांना नाहीं तितका विटांना आहे. जुन्या गवंड्यांनीं पांढरा दगड भरतीच्या रेषेहून वर येईल अशा बेतानें बसविला होता. परंतु एकट्या विसाव्या शतकांत शहर व समुद्र यांच्यामधील अंतर सुमारें एक वीतभर कमी झालें. शतकाच्या मध्यास जवळच्या कारखान्यांकरितां जमिनींतील पाणी उपसलें गेलें, त्यानें जमीन अधिक खचली. तो उपसा पुढें थांबविण्यांत आला. दुसरीकडे समुद्राची पातळी चढली, आणि ती अद्याप चढत आहे. एक वीत ही कांहीं मोठी गोष्ट नव्हे असें वाटेल. परंतु तेवढ्यानेंच पाणी दगड ओलांडून विटांना लागलें. वीट तें शोषून घेते. पाणी सुकतें व मिठाचे खडे विटेच्या पोटांत फुगून तिचा भुगा करितात.

मोठ्या पुराचा प्रश्न याहून निराळा. ४ नोव्हेंबर १९६६ रोजीं पाणी नेहमींच्या मोजणीच्या शून्यापासून १९४ सेंटिमीटर चढलें. १२ नोव्हेंबर २०१९ च्या रात्रीं तें पुन्हां १८७ सेंटिमीटरांपर्यंत आलें. यावर उपाय म्हणून समुद्राकडील तिन्ही मुखांशीं तळावर ७८ पोकळ पोलादी झडपा बसविल्या आहेत. एरवीं त्यांत पाणी भरलेलें असतें व त्या समुद्राच्या तळाशीं आडव्या पडून राहतात. मोठ्या भरतीचा अंदाज आला कीं आंत दाबानें हवा भरतात, पाणी बाहेर पडतें, आणि झडपा बिजागरीवर वर उचलल्या जाऊन समुद्राला अडवितात. या कामास २००३ मध्यें प्रारंभ झाला, व ३ ऑक्टोबर २०२० रोजीं त्यांनीं प्रथमच खऱ्या भरतीपासून शहर राखलें. आम्हीं पाहिलेली भरती झडपा उचलण्याइतकी मोठी नव्हती, म्हणून शहरांतील सर्वांत सखल भागांपैकीं एक असलेल्या त्या चौकांत पाणी आलें. झडपा वारंवार लावणें हेंही हितावह नाहीं, कारण भरतीओहोटी हाच या खाजणाचा श्वासोच्छ्वास आहे. ती थांबली तर आंतील पाणी साचून नासतें. समुद्र असाच चढत राहिला तर झडपा अधिकाधिक वेळां उचलाव्या लागणार. म्हणून हा उपाय कांहीं पिढ्यांचा अवधि मिळवून देणारा आहे, कायमचा नव्हे.

सायंकाळीं रियाल्टोजवळून येतांना एका औषधांच्या दुकानाच्या खिडकींत आम्हांला दिव्यांच्या अक्षरांत एक आंकडा दिसला. प्रथम वाटलें, हवेचें मान असेल. विचारतां कळलें, कीं तो शहरांत राहणाऱ्या लोकांचा आंकडा आहे, व २००८ पासून तेथें दाखविला जात आहे. बेटांवरील या जुन्या शहरांत १९५१ मध्यें सुमारें पावणेदोन लक्ष लोक राहत होते. तो आंकडा आम्हीं पाहिला तेव्हां पन्नास हजारांच्या आंत आलेला होता. उलट पाहुण्यांची संख्या वर्षाला दोन कोटींच्या वर जाते असा अंदाज आहे, आणि त्यांतील बहुतेक सकाळीं येऊन सायंकाळीं परत जातात. २०२४ च्या एप्रिलपासून अशा दिवसापुरत्या पाहुण्यांकडून ठराविक दिवशीं पांच युरो घेण्यास नगरपालिकेनें सुरुवात केली. प्रचंड प्रवासी जहाजांना शहराच्या अगदीं जवळून जाण्यास २०२१ च्या ऑगस्टपासून बंदी झालेली आहे. तथापि लोक शहर सोडून जात आहेत, तें थांबलेलें नाहीं.

त्याच रात्रीं खोली गरम करण्याचें यंत्र बंद पडलें म्हणून घरमालकीण बाई स्वतः आल्या. वय साठीच्या पुढचें, इंग्रजी मोडकें पण स्पष्ट. यंत्र सुरू झाल्यावर पत्नीनें त्यांना चहा दिला व न राहवून त्या रेघांविषयीं विचारलें. बाई हंसल्या. रेघा त्यांच्याच दोन मुलांच्या होत्या. नवरा बोटीवर कामाला होता; तो निवर्तल्यावर तिसऱ्या मजल्याचे जिने, पुलांवरून ओढावें लागणारें सामान, एकेक करून बंद होणारीं वाण्यांचीं दुकानें, यांना कंटाळून त्या पुलापलीकडे मुख्य भूमीवर राहावयास गेल्या. मुलांनाही तिकडेच नोकऱ्या. "हें घर महिन्याच्या भाड्यानें एखाद्या कुटुंबाला दिलें असतें," त्या म्हणाल्या, "परंतु पाहुण्यांकडून जें मिळतें, त्याच्या निम्मेंही मिळालें नसतें. माझा म्हातारपणाचा खर्च त्यावर चालतो. मला दोष द्या, पण मी दुसरें काय करणार?"

त्या गेल्यावर आम्ही बराच वेळ गप्प होतों. दोष द्यावयाचा तर त्यांत आमचा वाटा होताच. त्या मुलांच्या खोलींत आम्हीच निजत होतों. शेवटीं पत्नी म्हणाली, "दगड, खुंट, झडपा यांचें सारें तुम्ही मला समजावून सांगितलेंत. पण सकाळीं तो उंबरठा गोड्या पाण्यानें धुतला कोणी? माणसेंच राहिलीं नाहींत तर उद्यां तो धुणार कोण?" मला वाटतें, आमच्या मूळ प्रश्नाचें उत्तर तिच्या या प्रश्नांतच होतें. मनोरा पडला तर नगरसभा तो पुन्हां उभारूं शकते. परंतु मीठ धुणें, फळी बसविणें, गळकें कौल बदलणें हीं कामें तेथें राहणाराच करितो, आणि रोज करितो.

तिसरा दिवस २१ नोव्हेंबरचा होता. मोठ्या कालव्यावर एक तात्पुरता पूल उभारलेला दिसला, व त्यावरून माणसांची रांग पलीकडील घुमटाच्या मंदिराकडे चालली होती. ही गर्दी आमच्यासारख्यांची नव्हती. आज्या होत्या, खांद्यावर नातवंडें घेतलेले आजोबा होते, शाळेचीं मुलें होतीं. प्रत्येकाच्या हातीं मेणबत्ती. वाटेंत मिठाईचीं व फुग्यांचीं दुकानें लागलेलीं. आपल्याकडील एखाद्या ग्रामदेवतेच्या जत्रेची आठवण व्हावी असा तो थाट होता.

या जत्रेचें मूळ १६३० च्या प्लेगांत आहे. त्या सांथींत शहरांतील सुमारें एक तृतीयांश माणसें दगावलीं. सांथ हटली तर आरोग्यदायिनी मेरीचें मंदिर बांधूं, असा नवस प्रजासत्ताकानें केला. लोंगेना नांवाच्या स्थपतीची योजना निवडली गेली, आणि १६८७ मध्यें मंदिर पुरें झालें. त्याच्या पायाखालीं दहा लाखांहून अधिक खुंट ठोकल्याचें सांगतात. तेव्हांपासून दरवर्षीं या दिवशीं शहर आपला नवस फेडतें.

प्लेगशीं या शहराची ओळख त्याहूनही जुनी होती. व्यापारी जहाजांबरोबर रोग येतो हें ओळखून १४२३ मध्यें येथील एका बेटावर प्लेगच्या रोग्यांकरितां कायमचें रुग्णालय काढलें होतें. संशयित जहाजांना व माणसांना चाळीस दिवस वेगळें ठेवीत. त्या चाळिसाच्या आंकड्यावरूनच क्वारंटाइन हा शब्द जगभर गेला. आपला तर या गोष्टीशीं आणखी निकटचा संबंध आहे. १८९६ मध्यें मुंबईंत प्लेग झाला, तेव्हां तो यूरोपांत येऊं नये म्हणून अनेक राष्ट्रांची आरोग्य परिषद भरली, ती १८९७ च्या प्रारंभीं व्हेनिस येथेंच. त्या सांथींत गांवाबाहेर झोपड्यांत काढलेल्या दिवसांच्या गोष्टी पत्नीच्या घरीं पणजीपासून चालत आलेल्या. ती रांगेंत उभी राहिली, दोन मेणबत्त्या घेतल्या, आणि त्या लावण्याकरितां तेथील सेवकाच्या हातीं दिल्या. दुसरी कोणाकरितां, असें मीं विचारलें. ती म्हणाली, "त्या बाईंच्या मुलांकरितां."

श्रोते हो, आपल्यापैकीं कांहींजण पुढेंमागें व्हेनिसला जातील. त्यांनीं संत मार्क यांचें मंदिर अवश्य पाहावें. परंतु शक्य असेल तर तेथें चार रात्रीं राहावें, आणि राहावयाची जागा निवडतांना ती एखाद्या कुटुंबाची जागा तर अडवीत नाहीं ना, हें पाहावें. आम्हीं तें पाहिलें नव्हतें. गल्लींत उजव्या बाजूनें चालावें, पुलावर वाट अडवून उभें राहूं नये, भाकरी व फळें तेथील रहिवासी घेतात त्या दुकानांतून घ्यावीं. आणि एखाद्या संध्याकाळीं यादी पिशवींत ठेवून चौकांतील हौदाच्या कठड्याजवळ बसावें. तेथें मुलें चेंडू खेळत असतील, तर तें शहर अजून उभें आहे असें समजावें.